रामसेंचा सामरी, तात्या विंचू आणि 'तुंबाड' : जुने भयपट भारी की आताचे?

'पुराना मंदिर'मधला सामरी आज मोबाईलवर बघितला तर भीती कमी आणि हसू जास्त येतं. लाल डोळे, रंगवलेला चेहरा, मागे धूर. मग घरातले काका हमखास म्हणतात, "अरे, हा थिएटरात बघायला हवा होता, मग कळलं असतं." भाचा-पुतण्या मंडळी त्यांना 'तुंबाड' दाखवतात. काका म्हणतात फोटोग्राफी छान आहे, पण भूत कुठाय?

हा वाद घरोघरी होतो. पण तो समजून घ्यायचा असेल तर लालबागमधून सुरुवात केलेली बरी.

गिरण्यांमध्ये काम करायला लालबाग-परळमध्ये जे लोक आले, त्यातले बरेचसे कोकणातले आणि घाटावरचे. त्यांनी गावाकडून गणपती आणला, भजन आणलं, दशावतार आणला आणि सोबत भुतंही आणली. पिंपळावरचा मुंजा, पायवाट चुकवणारा चकवा, उलट्या पावलांची हडळ, वेशीवरचा देवचार. दहा बाय बाराच्या खोलीत ही सगळी मंडळी गोष्टींमधून राहायला होती. गिरणी तीन पाळ्यांत चालायची. त्यामुळे रात्रपाळीला निघालेल्या किंवा मध्यरात्री परतणाऱ्या माणसाला या गोष्टी ऐकायला आणि सांगायला वेळ भरपूर मिळायचा.

पण चाळीत एक अडचण होती. भुताला एकांत लागतो आणि चाळीत तो नव्हताच. नळावर माणूस, जिन्यावर माणूस, गॅलरीत झोपलेला माणूस. त्यामुळे इथल्या भुताची गोष्ट कायम गावातच घडायची आणि ऐकणारे दहाजण एकमेकांना चिकटून बसायचे. घाबरायचं ते घोळक्यानं. एकजण किंचाळला की बाकीचे नऊ हसायचे. जुन्या भयपटाचा सगळा मामला इथंच आहे.

लॅमिंग्टन रोडचं दुकान

लालबागपासून फार लांब नसलेल्या लॅमिंग्टन रोडवर फत्तेचंद रामसे यांचं रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. मूळ आडनाव रामसिंघानी. कराचीत असताना गोऱ्या गिऱ्हाइकांना ते उच्चारता येईना, म्हणून रामसे झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं. फत्तेचंद सिनेनिर्मितीत उतरले आणि 1970 मध्ये 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आला. सिनेमा आपटला.

पण त्यांच्या मुलांनी थिएटरात बसून एक गोष्ट हेरली. पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करायला येतात, त्या एका प्रसंगाला पब्लिक जागचं हलत नव्हतं. मग पोरांनी ठरवलं, जे लोक बघतायत तेच बनवू. 1972 मध्ये 'दो गज जमीन के नीचे' आला. महाबळेश्वरला शूटिंग, मोजका खर्च आणि घरचीच टीम. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, कुमार लेखनाला, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण साऊंडला, अर्जुन एडिटिंगला, केशू निर्मितीच्या कामात. भयपटाचा कुटिरोद्योगच म्हणा ना.

त्यातून 1984 चा 'पुराना मंदिर' झाला. मोठे स्टार नसताना तो त्या वर्षीच्या गाजलेल्या सिनेमांमध्ये जाऊन बसला. सामरी साकारणारा अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणानं सिव्हिल इंजिनियर होता. त्याची उंची आणि चेहरा हाच निम्मा स्पेशल इफेक्ट.

आता गंमत बघा. याच सिनेमात जगदीपचा 'शोले'च्या नकलेचा मोठा ट्रॅक आहे. आज तो बघताना वाटतं, भूत राहिलं बाजूला आणि हे काय चाललंय? पण ती चूक नव्हती, हिशेब होता. शेकडो माणसं भरलेल्या थिएटरात सलग भीती टिकत नाही. लोकांना श्वास सोडायला, शिट्टी मारायला, शेजारच्याला कोपर मारायला जागा लागते. भीती, मग विनोद, मग गाणं, मग पुन्हा भीती. मोबाईलवर एकट्यानं बघताना हीच जागा रिकामी वाटते आणि सिनेमा 'टुकार' ठरतो. रामसेंचे सगळे सिनेमे चांगले होते असं अजिबात नाही, बरेचसे एकाच साच्यातले होते. पण गर्दीची नाडी त्यांना कळली होती, हे मान्य करावंच लागतं.

तात्याला कोण घाबरायचं?

मराठीत 1976 साली वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' आला. आशा काळे, काशिनाथ घाणेकर, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. भुतापेक्षा मनाचे खेळ जास्त. त्याची गाणी आजही वाजतात, सिनेमा मात्र नव्या पोरांपैकी कमीच जणांनी पाहिलाय.

1993 च्या 'झपाटलेला'चं उलटं झालं. मूळ कल्पना 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' या हॉलिवूडपटाची. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. महेश कोठारेंनी ती उचलली, पण बाहुला दिला रामदास पाध्येंच्या हातात, म्हणजे अर्धवटरावांच्या घराण्यात. गुंड झाले दिलीप प्रभावळकर आणि बाहुला ज्याच्याकडे येतो तो लक्ष्मीकांत बेर्डे. बेर्डे गिरगावातले, त्यामुळे भेदरलेला पण तोंड बंद न ठेवणारा चाळीतला माणूस त्यांना शिकायला लागला नसावा. चकी हा परदेशी बाहुला होता. तात्या विंचू मात्र आपल्याच गल्लीतला वाटतो, म्हणून लहान मुलं त्याला जास्त घाबरली. पुढं हा सिनेमा 'खिलौना बना खलनायक' नावानं हिंदीतही गेला.

'कल्ट' हा शब्द इथं नीट कळतो. कल्ट म्हणजे नुसता हिट नाही आणि फ्लॉपही नाही. जो सिनेमा लोक पुन्हापुन्हा बघतात, संवाद पाठ करतात, पुढच्या पिढीला बसवून दाखवतात, तो कल्ट. हे ठरवतो प्रेक्षक, आणि तेही वर्षांनंतर. निर्मात्यानं पोस्टरवर 'कल्ट' छापून काही होत नाही.

वाडा गेला, फ्लॅट आला

1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. साधारण त्याच काळात भयपटानंही घर बदललं. राम गोपाल वर्माच्या 'भूत'मध्ये (2003) पडकी हवेली नाही, मुंबईतला उंच इमारतीतला फ्लॅट आहे. सिनेमात गाणी नाहीत, विनोदी ट्रॅक नाही. आहे ती लिफ्ट, वॉचमन आणि दार लावल्यावरची शांतता. चाळीत न मिळणारा एकांत टॉवरनं भुताला मिळवून दिला.

नव्या मराठी भयपटानं यातून धडा घेतला. विशाल फुरियाच्या 'लपाछपी'मध्ये (2017) उसाच्या फडातलं एक घर आणि एक गरोदर बाई, एवढ्यावर सिनेमा उभा आहे. भूत निमित्त, खरी भीती मुलगी नको असणाऱ्या घराची. 2021 मध्ये त्याचा हिंदी रिमेक 'छोरी' आला. आदित्य सरपोतदारच्या 'मुंज्या'नं (2024) तर चाकरमान्यांच्या गोष्टीतला तोच मुंजा कॉम्प्युटरवर घडवला आणि 100 कोटींच्या वर कमाई केली. तो घाबरवतो कमी आणि हसवतो जास्त. म्हणजे फिरून रामसेंच्याच रेसिपीवर गाडी आली, फक्त ग्राफिक्स महाग झाले.

आणि 'तुंबाड'

राही अनिल बर्वेचा 'तुंबाड' 12 ऑक्टोबर 2018 ला आला. नाव श्री. ना. पेंडसेंच्या 'तुंबाडचे खोत'वरून आणि प्रेरणा नारायण धारपांच्या भयकथेची. व्हेनिसच्या महोत्सवात त्यानं क्रिटिक्स वीकची सुरुवात केली. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि साऊंड डिझाईनसाठी फिल्मफेअर मिळाली. थिएटरात मात्र गर्दी बेताची. लोकांनी तो नंतर ओटीटीवर शोधला आणि एकमेकांना सांगत सुटले.

13 सप्टेंबर 2024 ला तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमवून गेला. घरबसल्या दिसत असलेला सिनेमा बघायला लोकांनी तिकिटं काढली. कारण पाऊस, अंधार आणि हस्तर या तिन्ही गोष्टी मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्या शेजारी बसूनच अंगावर येतात. काकांचा मुद्दा पुतण्यांनीच सिद्ध केला म्हणायचा.

अडचण आहे ती थिएटरची. लालबाग परिसरात भारतमाता, जयहिंद, गणेश टॉकीज अशी नावं एका दमात घेतली जायची. यातलं भारतमाता म्हणजे गिरणी कामगारांना परवडणाऱ्या तिकिटात मराठी सिनेमा दाखवणारं हक्काचं ठिकाण. ते उभं आहे गिरणीच्याच जागेवर आणि त्या जागेवरून वर्षानुवर्षं वाद चालला. मल्टिप्लेक्समध्ये मराठी भयपटाला दुपारचा एखादा शो मिळतो, तोही रिकामा असला तर पुढच्या आठवड्यात उतरतो. दहाजणांनी एकत्र किंचाळायचं तर आधी दहाजण जमायला हवेत.

एक कोडं उरतंच. कोकणातला वाडा झाला, उसाचा फड झाला, 'झोंबिवली'त (2022) डोंबिवलीसुद्धा झाली. पण बंद पडलेली गिरणी, विझलेली चिमणी आणि संपानंतर घरी बसलेला कामगार यांच्याकडे मराठी भयपट फारसा फिरकलेला नाही. महेश मांजरेकरांच्या 'लालबाग परळ'नं (2010) ती कथा सांगितली, त्यात भूत नव्हतं. तरी बघताना अंगावर काटा येतो.