पावणेतीनशे किलोमीटरसाठी बाराशे किलोमीटरचा वळसा

जुन्या गाडीतून युरोप पालथा घालायचा, हा आज हौसेचा मामला आहे. गाडी चकचकीत करायची, घाटात थांबून फोटो काढायचे. पण १९८९ मध्ये हजारो लोक अशाच एका गाडीतून युरोपभर वळसा घालून गेले, आणि त्यात हौसेचा भाग अजिबात नव्हता.

गाडीचं नाव ट्राबांट. पूर्व जर्मनीतल्या झ्विकाऊ शहरात १९५७ ते १९९१ या काळात सुमारे ३० लाख गाड्या बनल्या. टू-स्ट्रोक इंजिन, ताकद जेमतेम २६ हॉर्सपॉवर, मागे निळा धूर. पत्र्याची टंचाई, म्हणून बॉडी कापसाच्या टाकाऊ धाग्यांत राळ घालून दाबलेली. लोक तिला चेष्टेने पुठ्ठ्याची गाडी म्हणायचे. आणि या गाडीसाठीसुद्धा नंबर लावून दहा-बारा वर्षं थांबायचं! आपल्याकडे ज्यांनी स्कूटरसाठी नंबर लावला होता, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बरं, गाडी मिळाली. जायचं कुठे? १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पश्चिमेचा रस्ता बंद झाला. सुट्टीत फार तर चेकोस्लोव्हाकिया किंवा हंगेरी, कारण तिथेही कम्युनिस्ट सरकारंच.

फट पडली ती हंगेरीत. तिथल्या लोकांना १९८८ पासून जगभर फिरायचा पासपोर्ट मिळू लागला होता. मग ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या जुनाट विजेच्या कुंपणावर पैसा कशाला घालायचा? पंतप्रधान मिक्लोश नेमेथ यांनी त्याचा खर्चच बंद केला. २ मे १९८९ पासून कुंपण निघायला लागलं.

ही बातमी पूर्व जर्मनीत पोचली, आणि त्या उन्हाळ्यात हंगेरीला 'सुट्टीवर' गेलेले कितीतरी लोक परत आलेच नाहीत. १९ ऑगस्टला शोप्रोन गावाजवळ सीमेवर एक सहल भरली होती. थोड्या वेळासाठी फाटक उघडलं आणि ६०० हून जास्त पूर्व जर्मन पलीकडे पळाले. पहाऱ्यावरचे अधिकारी आर्पाद बेला यांनी गोळी झाडली नाही. दहा वर्षं थांबून मिळवलेल्या गाड्या अलीकडेच राहिल्या.

११ सप्टेंबरच्या मध्यरात्री हंगेरीने सीमा अधिकृतपणे खुली केली. मग ट्राबांटची रांगच लागली. नकाशा काढून बघा. ड्रेस्डेन ते बव्हेरियातलं पासाऊ, सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर. पण ही माणसं प्राग, बुडापेस्ट, व्हिएन्ना असं करत गेली तर साधारण १२०० किलोमीटर. मागच्या सीटवर पेंगणारी पोरं, टपावर सामान. काहींनी गाडीवरच्या 'डीडीआर' या देशाच्या अक्षरांतली शेवटची दोन झाकून टाकली. उरला फक्त 'डी', म्हणजे पश्चिम जर्मनी!

दोन महिन्यांत, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंतही पडली.

मला यातून एक गोष्ट दिसते. त्या सरकारने लोकांना काहीच दिलं नाही असं नाही. घर होतं, नोकरी होती, उशिरा का होईना गाडीही होती. पण ती कुठे न्यायची हे ठरवायचा हक्क नव्हता. आणि वेळ आली तेव्हा लोकांनी तीच गाडी रस्त्याच्या कडेला सोडली, हक्क नाही सोडला.

आज ड्रेस्डेनमध्ये पर्यटक पैसे मोजून ट्राबांटमध्ये बसतात. पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. ज्या हंगेरीने १९८९ मध्ये कुंपण काढलं, त्याच हंगेरीने २०१५ मध्ये सर्बियाच्या सीमेवर नवीन कुंपण घातलं. निर्वासितांना अडवायला.

त्याची कारणं असतील, त्यावर वाद घाला. पण ट्राबांटमधून आलेले तेही घर सोडून निघालेलेच लोक होते, एवढं लक्षात ठेवून घाला.