बोगनव्हिल : खाण कोणाची?

१/ आपल्या कुंपणावरची बोगनवेल ज्या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावाने ओळखली जाते, त्याचेच नाव पॅसिफिक महासागरातील एका बेटालाही आहे : बोगनव्हिल.

२/ पापुआ न्यू गिनीवर ऑस्ट्रेलियाची सत्ता असताना या बेटावरील पांगुना येथे तांब्याचा प्रचंड साठा सापडला. येथील बहुतेक समाजांत जमिनीचा वारसा आईकडून चालत येतो. कायद्याने मात्र भूगर्भातील खनिज सरकारचे ठरवले. १९६९ मध्ये रोरोवानाच्या स्त्रिया भूसंपादनाच्या आड उभ्या राहिल्या. पोलिसांनी त्यांना अश्रुधूर आणि लाठ्यांनी हटवले.

३/ १९७२ पासून तांबे जपान-युरोपकडे जाऊ लागले, महसूल राजधानी पोर्ट मोर्स्बीकडे आणि खाणीचा गाळ जाबा नदीत. १ सप्टेंबर १९७५ रोजी बेटाने स्वातंत्र्य घोषित केले. जगाने मान्यता दिली नाही. पंधरा दिवसांनी स्वतंत्र झालेल्या पापुआ न्यू गिनीची तिजोरी याच खाणीवर विसंबून होती.

४/ १९८८ मध्ये खाणीचा माजी कर्मचारी फ्रान्सिस ओना याच्या नेतृत्वाखाली घातपात सुरू झाले. १९८९ मध्ये खाण बंद पडली. पुढच्या वर्षी सरकारने बेटाची नाकेबंदी केली, औषधेही अडली. या संघर्षात हजारो माणसे दगावली.

५/ २००१ मध्ये शांतता करार झाला. २०१९ च्या सार्वमतात सुमारे ९८ टक्के मते स्वातंत्र्याला पडली. परंतु कौल बंधनकारक नव्हता.

६/ पुढे बोगनव्हिलच्याच स्वायत्त सरकारने, स्वातंत्र्याचा खर्च भागावा म्हणून, तीच खाण पुन्हा उघडण्याचा मनोदय जाहीर केला. जमिनीविषयी शेवटचा शब्द कोणाचा, हा रोरोवानाच्या स्त्रियांचा प्रश्न आता त्यांच्या स्वतःच्या सरकारपुढे उभा आहे.