डोलकाठी, ख्रिसमस ट्री आणि एक बिचारं झाड

मंडळी, डिसेंबरात नर्सरीतून जे 'ख्रिसमस ट्री' आपण कुंडीसकट घरी आणतो ना, ते युरोपातलं ख्रिसमस ट्री नव्हेच! ते असतं नॉरफोक आयलंड पाइन, नाहीतर त्याचा भाऊबंद कुक पाइन. टीव्हीशेजारी छान दिसतं. मग दोन-तीन महिन्यांत खालच्या फांद्या तपकिरी पडून गळायला लागतात. याला झालंय तरी काय, हे कळायला चक्क अडीचशे वर्षं मागे जावं लागतं.

साल १७७४. कॅप्टन कुकची दुसरी सफर. सप्टेंबरात न्यू कॅलेडोनियाजवळ त्याला उंचच उंच सरळसोट झाडं दिसली (हाच कुक पाइन). ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे १,४०० किलोमीटरवर एक निर्मनुष्य बेट लागलं. क्षेत्रफळ जेमतेम ३५ चौरस किलोमीटर. त्याने नाव दिलं नॉरफोक. तिथेही तशीच झाडं! खलाशीच तो, त्याला झाडात काय दिसणार? डोलकाठी!

त्या काळी इंग्लंडच्या आरमाराला डोलकाठ्यांचं लाकूड बाल्टिककडून आणि अमेरिकेतल्या वसाहतींतून यायचं. १७८३ पर्यंत त्या वसाहती हातच्या गेल्या. मार्च १७८८ मध्ये, म्हणजे सिडनीची वसाहत उभी राहिल्यावर काही आठवड्यांतच, फिलिप गिडली किंग वीस-बावीस माणसांना घेऊन नॉरफोकवर उतरला. त्यात बरेचसे कैदी. डोलकाठ्या आणि शिडांचं कापड मिळवणं हाही एक हेतू होता. पण लाकूड डोलकाठीला लागतं तेवढं चिवट निघालंच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शन! आणि त्याची किंमत मोजली त्या कैद्यांनी. १८१४ मध्ये ती पहिली वसाहत गुंडाळली गेली.

पुढे तेच झाड काचघरांत आणि दिवाणखान्यांत शोभेचं झालं, आणि आता आपल्याकडे ख्रिसमस ट्री. गंमत बघा, प्रत्येकाने त्याच्यात आपल्याला हवं ते पाहिलं. ते मुळात कुठलं, हे विचारलंच नाही कुणी!

ते आहे बेटावरचं झाड. मोकळं आभाळ, भरपूर उजेड, दमट समुद्री वारा. तिथे ते ५० मीटरच्या वर जातं. म्हणजे तुमच्या कुंडीतलं ते तीन फुटी रोप अजून अगदी बाळ आहे. त्याला आपण ठेवतो कोपऱ्यात, एसीच्या झोताखाली. गळेल नाहीतर काय?

तर आता उपाय. आधी चमचमतं सामान आणि (असेल तर) दिव्यांची माळ उतरवा. झाड खिडकीशी किंवा बाल्कनीत आणा, पण हळूहळू. अंधारातून एकदम कडक उन्हात नेलं तर पानं भाजतात. एसीचा वारा लागू देऊ नका. बोट खुपसून बघा, वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी घाला. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा, म्हणजे वाढ एकाच बाजूला होणार नाही. शेंडा मात्र चुकूनही छाटू नका, तो गेला की झाडाचा डौलच गेला. आणि मुळं कुंडीबाहेर डोकावल्याशिवाय कुंडी बदलण्याची घाई नको, मुळांना धक्का लागलेला त्याला आवडत नाही.

एक वाईट बातमी: गळालेल्या खालच्या फांद्या परत येत नाहीत. पण शेंड्याला कोवळ्या हिरव्या फांद्यांचं नवं चक्र दिसलं की समजा, गडी सावरला. मात्र त्याला वेळ लागतो, आठवड्याभरात रिझल्ट मागू नका.

असो. या डिसेंबरात नर्सरीत गेलात तर घरात उजेड कुठे येतो ते आधी बघून जा, आणि मगच झाड घ्या. कुकच्या काळापासून हा हिशोब राहूनच गेलाय!