१४. सतरा अंकी डेम्लो संख्या
सतरा अंकी डेम्लो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही आहे. (स्वल्पविराम मुद्दाम गाळले, ते दिले की दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येण्याची तिची गंमत दिसत नाही.) नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा हा वर्ग. मूळ अवयव तीनच : ३, ३७ आणि ३३३६६७. अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा नवाचा वर्ग. दहा वेळा १ घेतल्यास मात्र हातचा येतो आणि हा सुरेख चढउतार मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. देवळालीचे शिक्षक व गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकाचे नाव दिले.