नवरदेवाचा कोट आणि शिवणाऱ्या हातांचा वेळ

तुळशीचं लग्न लागलं की गावोगावी बस्त्याची गडबड सुरू होते. नवरदेवाचा सूट तालुक्याच्या टेलरकडे जातो, पण त्याची तुरपाई आणि काज-बटणं बऱ्याचदा आपल्याच गटातल्या बायका घरी आणून करतात. आणि निरोप येतो, "परवापर्यंत पाहिजे." लग्न सहा महिने आधी ठरलेलं असलं तरी शिलाई मात्र परवापर्यंत! ही घाई कशी आली, ते आज जरा मागे जाऊन बघू.

पूर्वी नवरदेवाचा पोशाख म्हणजे धोतर, उपरणं आणि पागोटं. नवरीला पिवळी अष्टपुत्री. यातल्या कशालाच माप लागत नाही. अंगावर घेतलं, नेसलं, झालं. वेळ लागायचा तो विणकराला. शिवलेलं असायचं ते अंगरखा नाहीतर बाराबंदी, आणि नवरीची खणाची चोळी. बाराबंदीला बंदच बंद, त्यामुळे नवरदेव दोन बोटं सुटला किंवा आटला तरी बंद सैल-घट्ट करून भागायचं. चोळी तर कितीतरी घरांत बायका हातानंच शिवायच्या.

गावगाड्यात शिंप्याची गणना अलुतेदारांत होई. सुगीला धान्य घ्यायचं आणि वर्षभर गावाचं शिवायचं, अशी रीत. संत नामदेव याच शिंपी घरातले. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची पदं आहेत, त्यातल्या एका पदात गज आणि कातरसुद्धा येते. गावातच राहणाऱ्या शिंप्याला कुणाच्या घरी यंदा कार्य आहे, हे वेगळं सांगावं लागत नसणार.

मग इंग्रजी अमलात कोट आला. आधी शहरातले शिकलेले लोक धोतरावर कोट घालू लागले. जुन्या फोटोंत खाली धोतर, वर कोट आणि डोक्यावर पगडी, असे गृहस्थ दिसतात ना, ते याच काळातले. पँट मागाहून आली. १९२५ साली ठाण्यात लोकरी कापडाची गिरणी निघाली, पुढे टेरिकॉट आलं, मग सफारीचा जमाना. आपल्यापैकी कितीजणींच्या लग्नाच्या अल्बममध्ये सासरे सफारीत उभे आहेत!

सुटाला आपण नुसता थाट म्हणून हसू नये. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगलं कापड अंगावर घालू दिलं नाही, त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोतला सूट हा मानाचा पोशाख आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब बायकांशी बोलले, तेव्हा त्यांनी लुगडं कसं नेसावं, अंगावर काय घालावं, यावरही सांगितलं होतं. निळा सूट घालून बोहल्यावर उभा राहणारा मुलगा आजही तो मान मिरवतो. म्हणून तर तो सूट खांद्यात नीट बसलेला हवा.

आता मशीनची गोष्ट. फ्रान्समध्ये एकानं १८३० साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसला लष्करी कपडे शिवायला यंत्रं लावली. पोट बुडेल या धास्तीनं तिथल्या शिंप्यांनी ती फोडून टाकली. १८५१ मध्ये अमेरिकेत सिंगरनं आपल्या मशीनचं पेटंट घेतलं आणि त्याच दशकात हप्त्यानं विक्री सुरू केली. हप्त्याची मशीन ही आपल्या बचत गटांनी काढलेली युक्ती नव्हे बरं का! यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला सूट दिली. बायकोचे कष्ट पाहून सिंगरनं ते बनवलं, असं ते म्हणाले. सिंगरसाहेबांच्या संसाराची खरी कहाणी काही इतकी गोड नव्हती, पण ते असो.

मशीन आली आणि लोकांना वाटू लागलं, शिवायला कितीसा वेळ लागतो! सरळ शिलाई झटकन होते, हे खरं. पण कोट म्हणजे सरळ शिलाई नव्हे. कापड आधी पाण्यातून काढायचं, माप घ्यायचं, बेतायचं, आत कॅनव्हास आणि अस्तर लावायचं, कच्चे टाके घालून ट्रायल घ्यायची, खांदा उसवून पुन्हा बसवायचा. हे काम आजही हातानं आणि नजरेनंच होतं. नवरदेव पुण्याला कंपनीत असला तर ट्रायलसाठी त्याची सुट्टीही धरावी लागते.

यात पैशाचाही प्रश्न आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, तरी याद्यांच्या बैठकीत नवरदेवाचा पोशाख मुलीकडच्यांच्या नावावर पडतो. शेवटच्या आठवड्यात सूट झाला नाही की तयार सूट घ्यायला पळापळ होते. सांगेल ती किंमत द्यावी लागते आणि मुलीची आई गटाकडे तातडीचं कर्ज मागायला येते.

म्हणून आम्ही गटांत उलटं मोजायला लागलो आहोत. हळदीच्या आठ दिवस आधी सूट घरात. त्याआधी तीन आठवडे पहिली ट्रायल. कापड आणि माप दोन महिने आधी. वैशाखातली दाट तिथी असली तर आणखी पंधरा दिवस धरायचे. पोशाख कोण करणार आणि किती रुपयांचा, हे याद्यांच्या दिवशीच बायकांसमोर बोलायचं. काज-बटणाचा दर वहीत लिहायचा, रात्री जागून करायच्या कामाचा वेगळा. हा वेगळा दर लिहिल्यापासून "परवापर्यंत"चे निरोप जरा कमी झालेत.