चरबीच्या हुकुमाची कुळकथा

जिवतीच्या डोंगरपट्ट्यात बोकड सोलताना ज्यानं पाहिलं आहे, त्याला आतड्यांवर पसरलेला चरबीचा जाळीदार पडदा ठाऊक असतो. लठ्ठपणाच्या एका आधुनिक शास्त्राचं कूळ माझ्या मते या पडद्याशी पोचतं.

रूढ कथा भुकेपासून सुरू होते. 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांना चरबीत लेप्टिन सापडलं. ते मेंदूला ‘पुरे’ म्हणून कळवतं. हेच संप्रेरक नव्या रक्तवाहिन्याही फुटवतं, हे 1998 मध्ये उंदरांच्या कॉर्नियात दिसलं. मुळात कॉर्नियात रक्तवाहिनी नसते, त्यामुळे उगवेल ती नवीच. ही परीक्षा रूढ केली कर्करोगाच्या गाठींचा रक्तपुरवठा शोधणाऱ्या ज्युडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेनं.

पण त्याच परीक्षेत चरबी आधीच उतरली होती! जखमेला रक्त मिळावं म्हणून शल्यविशारद पोटातला तो पडदा तिच्यावर ओढून लावत. 1984 मध्ये गोल्डस्मिथ आणि सहकाऱ्यांनी त्याचा स्निग्ध अर्क सशाच्या कॉर्नियात सोडला, आणि वाहिन्या उगवल्या. लेप्टिनच्या दहा वर्षं आधी.

काही जण हे कूळ चरकापर्यंत नेतात. चरकसंहितेत मेदोवह स्रोतसांचं, म्हणजे मेद वाहणाऱ्या वाटांचं, मूळ वृक्क (मूत्रपिंडं) आणि वपावहन. वपावहन म्हणजे हाच पडदा, असं ते मानतात. जागा जुळते, काम जुळत नाही. चरकाचा मेद वाट अडवतो, नवी काढत नाही. मला हा दावा पटत नाही.

खरा वाद पुढेच आहे. 2002 मध्ये फोकमन यांच्या गटानं वाहिन्या रोखणारी औषधं दिली आणि लठ्ठ उंदीर रोडावले. म्हणजे वाहिन्या जास्त म्हणून चरबी जास्त? 2009 मध्ये लठ्ठ माणसांच्या चरबीत केशवाहिन्या विरळ आणि प्राणवायू कमी आढळला; 2011 मध्ये दुसऱ्या गटाला प्राणवायू उलट जास्त मिळाला. माझा अंदाज असा: चरबी नव्या वाहिन्यांचा हुकूम सोडतेच, पण पेशी फुगतात त्या वेगानं वाहिन्या वाढत नाहीत. पुढे आजारलेल्या पेशी प्राणवायू वापरतच नाहीत, म्हणून तो शिल्लक दिसतो.

हे सडपातळ माणसाला लागू नाही, असं समजू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं, की पुणे भागातली बाळं लंडनच्या गोऱ्या बाळांहून हलकी, पण नाळेच्या रक्तात लेप्टिन जवळपास तितकंच. म्हणजे वजन कमी म्हणून चरबीही कमी, असं नाही.

तेव्हा जिवतीतही वजनकाट्याबरोबर टेप ठेवा. कंबर पुरुषाची 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरवर गेली, तर काटा काहीही म्हणो, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.