खाजणातल्या पाण्याचा हिशेब

साष्टी बेटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी किल्ल्यांची, तहांची आणि चर्चच्या इमारतींची दखल पुष्कळ घेतली. शेताच्या बांधाखालून वाहणाऱ्या चराची दखल मात्र क्वचितच घेतली गेली. वास्तविक, या बेटावरील आपल्या पूर्वजांचे जीवन तहांपेक्षा त्या चरावर अधिक अवलंबून होते. चर तुंबला की शेत खारट होई, शेत खारट झाले की कणगी रिकामी राही. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील मुलांना ‘नाला’ हा शब्द ठाऊक आहे, ‘उघाडी’ हा शब्द ठाऊक नाही. परंतु आजचे कित्येक नाले हे कालच्या शेतांचेच ओहोळ आहेत. त्यांतून काय वाहून जाते, ते कोणी व कसे मोजले, आणि आज ते मोजण्याची गरज कोणाला आहे, याचा थोडा मागोवा या लेखात घेण्याचा आमचा विचार आहे.

खारी शेती आणि गोडी शेती

साष्टीच्या भातशेतीचे दोन प्रकार होते. डोंगराच्या पायथ्याशी आणि गावाभोवती असलेली ती गोड्या पाण्याची शेती. खाडीच्या काठची, भरतीच्या पाण्यापासून बांध घालून सोडवून घेतलेली ती खारी शेती. मनोरी, गोराई, मालाड, वेसावे येथील खाड्या पश्चिमेला आणि ठाण्याची खाडी पूर्वेला. त्यांच्या काठाने असे खारपट्टे पसरले होते. त्यांच्या शेजारी मिठागरे, आणि त्यांच्याही पलीकडे तिवरांचे रान.

खाऱ्या शेतीचे तंत्र दिसायला साधे, पण चुकीला क्षमा न करणारे होते. समुद्राच्या बाजूने चिखल, दगड आणि पेंढा यांचा बांध. बांधात ठिकठिकाणी उघाडी, म्हणजे लाकडी दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडावे आणि भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटावे, अशी त्याची रचना असे. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी जमिनीतील मीठ विरघळे आणि चरांतून उघाडीवाटे खाडीत जाई. त्यानंतरच बी टाकावयाचे. काळा रता यांसारख्या खारेपणा सोसणाऱ्या जाती येथे होत.

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली प्रसिद्ध झाले. खाऱ्या भाताला नांगर लागत नाही व खतही घालावे लागत नाही, अशी तेव्हाची रीत होती. मोड आलेले बी ओल्या चिखलातच फेकीत. खाडीचा गाळ हेच त्याचे खत. गोड्या शेतीचे तसे नव्हते. तिथे रोपासाठी राब भाजावा लागे: शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या आणि गवत जमिनीवर पसरून जाळीत आणि त्या राखेत बी पेरीत. जंगलखात्याने फांद्या तोडण्यावर निर्बंध घातले, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. आजच्या भाषेत सांगावयाचे तर तो सारा झगडा जमिनीच्या पोषद्रव्यांचा होता.

राज्ये बदलत गेली. १५३४ साली वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ साली साष्टी मराठ्यांनी घेतली, १७७४ साली इंग्रजांनी. बांध मात्र कोणत्याही अमदानीत दरवर्षी घालावाच लागे. एकट्याने ते होण्यासारखे नव्हते. एकाचा बांध फुटला तर शेजाऱ्याचे शेत बुडे. ऑक्टोबरात आगेराच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणण्याची ईस्ट इंडियन समाजाची जी चाल आहे, तिच्यामागे या सामाईक कष्टांची आठवण आहे, हे आज पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

जिभेची परीक्षा आणि तिची मर्यादा

पाणी तपासण्याची पूर्वजांची साधने त्यांच्या अंगातच होती. चरातील पाणी जिभेला लावून बी टाकण्याची वेळ ठरत असे. शेवाळ किती, मासळी कोणती, चिखलाला वास कसा, यावरून अनुभवी माणूस पुष्कळ ओळखी. ही परीक्षा तुच्छ लेखण्यासारखी नाही. मीठ जिभेला कळते. कुजण्याची क्रिया नाकाला कळते. परंतु पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटला पिण्याच्या पाण्यात सहसा आढळणाऱ्या प्रमाणात रंग नाही, वास नाही, जाणवेल अशी चवही नाही. ज्या विहिरीचे पाणी गोड म्हणून गाव नावाजतो तीच विहीर तान्ह्या मुलाला घातक असू शकते. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा प्रांतात हंटर कॉमली या डॉक्टरांनी दाखवून दिले, की नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यात दूध कालवून दिलेली अर्भके निळी पडतात, कारण त्यांच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, हे भारतीय मानक याच अनुभवातून आले आहे.

चराच्या तोंडाशी बाटली

शेतातून निचरा होणाऱ्या पाण्याचा रासायनिक हिशेब प्रथम ठेवला गेला तो इंग्लंडात. रॉथमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ साली ब्रॉडबाल्क नावाच्या शेतावर गव्हाचे प्रयोग सुरू केले. निरनिराळ्या वाफ्यांना निरनिराळे खत. १८४९ साली प्रत्येक वाफ्याखाली निचऱ्याचे नळ घातले. त्या नळांच्या तोंडाशी पाणी धरून त्याचे पृथक्करण ऑगस्टस व्होल्कर व एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १८६० नंतरच्या दशकात केले. निष्कर्ष असा निघाला, की शेतकरी जितके अधिक नत्र घालतो तितके अधिक नायट्रेट चरातून जाते, आणि पीक उभे नसताना घातलेले खत तर पावसाबरोबर वाहूनच जाते. स्फुरद मात्र मातीला धरून राहते. म्हणजे चर हा शेतकऱ्याच्या खिशाला पडलेले भोकही असू शकतो, हे प्रथमच आकड्यांनी सिद्ध झाले.

याच व्होल्करांचे चिरंजीव, जॉन ऑगस्टस व्होल्कर, १८८९ साली हिंदुस्थानात आले. वर्षभर देश हिंडून त्यांनी लिहिलेला भारतीय शेतीसुधारणेवरील अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. येथील कुणबी अडाणी आहे, हा प्रचलित समज त्यांनी मान्य केला नाही. त्यांना खटकले ते हे, की जळण नसल्यामुळे शेण चुलीत जाते आणि शेत उपाशी राहते. कोकणातील राबाचीही त्यांनी चिकित्सा केली. त्यांच्या काळी आपल्याकडील दुखणे कमतरतेचे होते. चरातून फारसे काही वाहून जात नव्हते, कारण शेतात फारसे काही घातलेच जात नव्हते.

कमतरतेकडून अतिरेकाकडे

ते चित्र पुढील शतकात पालटले. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखविला, आणि १९१३ साली जर्मनीत त्याचा कारखाना निघाला. आपल्या उपनगराच्या दाराशी, तुर्भ्याला, खताचा कारखाना १९६५ साली सुरू झाला. तोच १९७८ पासून राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या नावाने ओळखला जातो. ‘सुफला’च्या गोण्या येथूनच महाराष्ट्रभर गेल्या.

गंमत अशी, की खत दाराशी आले तेव्हा शेते निघून चालली होती. १९५० साली जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत मुंबई महानगरपालिकेची हद्द वाढली. मरोळ, सहार, चकाला येथील शेतांवर कारखाने, विमानतळ आणि वसाहती उभ्या राहिल्या. खारभूमीच्या रक्षणासाठी १९४८ साली कायदा झाला, पुढे १९७९ साली खारभूमी विकास अधिनियम आला. त्यांचा लाभ मुख्यतः रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि ठाणे जिल्ह्याच्या उरलेल्या भागाला झाला. उपनगरातील बांध राखायला राखणारेच उरले नाहीत. काही ठिकाणी भराव पडला, काही ठिकाणी बांध फुटून तिवरे परत आली.

शेत गेले, पण पाण्याची वाट गेली नाही. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर या चार नद्या डोंगरातून निघून पूर्वी भातखाचरांना भिजवीत खाडीला मिळत. आज त्या वस्त्यांचे सांडपाणी घेऊन जातात. त्यात तबेल्यांच्या शेणाची भर. शहराला स्वच्छ दूध मिळावे म्हणून १९४९ साली आरे येथे दुग्ध वसाहत वसविली गेली. हेतू उत्तमच होता. पण जे शेण राबाला आणि शेतखताला हवे होते ते घेणारे शेतच जवळ राहिले नाही, आणि व्होल्करांना चुलीत जळताना दिसलेली संपत्ती ओहोळात पडू लागली. पवईचा तलाव १८९१ चा. पिण्यासाठी बांधलेल्या या तलावाचे पाणी पिण्यायोग्य राहिले नाही, आणि जलपर्णीने तो पुन्हा पुन्हा झाकला जातो. नत्र व स्फुरद पाण्यात वाढले की वनस्पती माजते, ती कुजताना प्राणवायू खाते, आणि मासळी गुदमरते. खताने पीक वाढते आणि खतानेच तळे मरते; द्रव्य एकच, जागा निराळी.

या नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलुंड, भांडुप, घाटकोपर यांच्या पूर्वेला ठाण्याच्या खाडीत १९९० नंतरच्या दशकापासून रोहित पक्षी हजारोंनी येऊ लागले. सांडपाण्यातील पोषद्रव्यांवर वाढलेले शेवाळ हे त्यांच्या येण्याचे एक कारण असावे, असे पक्षीतज्ज्ञ मानतात. २०१५ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले, २०२२ साली त्याला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. म्हणून ‘पोषद्रव्य म्हणजे विष’ असे सोपे समीकरण मांडून चालत नाही. किती, कोठे आणि केव्हा, हेच प्रश्न महत्त्वाचे. त्यांची उत्तरे मोजणीवाचून मिळत नाहीत.

मोजावे कसे?

मोजणीची विद्या गूढ नाही. स्वच्छ बाटलीत पाणी धरावे, सावलीत व बर्फात ठेवावे, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावे. नायट्रेटचे प्रथम नायट्राइटमध्ये रूपांतर करून त्यात द्रव्ये घातली की गुलाबी रंग येतो, फॉस्फेटला निळा. रंग जितका गडद, तितके प्रमाण अधिक. निळ्या रंगाची आजची सर्वमान्य पद्धत मर्फी आणि रायली यांनी १९६२ साली दिली.

खरी कसोटी वेळेची व जागेची. भरतीचे पाणी घेतले तर समुद्र मोजला जातो, ओहोटीचे घेतले तर जमीन. भातखाचरात पाणी उभे असताना चिखलात प्राणवायू नसतो. तेथील जंतू नायट्रेटचे विघटन करून नत्रवायू हवेत सोडतात, म्हणून तेव्हा चरात थोडेच सापडते. भात कापल्यावर जमीन सुकते, तिच्यात नायट्रेट तयार होते, आणि पुढच्या मृगाच्या पहिल्या पावसात ते एकदम निघते. जानेवारीतील एका बाटलीवरून वर्षाचा निवाडा देणारा म्हणूनच चुकतो.

शिवाय नुसते प्रमाण पुरेसे नाही, प्रवाहही मोजावा लागतो. समजा, एका चरातून सेकंदाला १० लिटर पाणी वाहते आणि त्यात लिटरला ५ मिलिग्रॅम नत्र आहे. आकडा किरकोळ वाटतो. पण दिवसाला ८ लाख ६४ हजार लिटर पाणी, म्हणजे ४ किलो ३२० ग्रॅम नत्र. युरियाच्या भाषेत सुमारे साडेनऊ किलो. पाच दिवसांत एक गोणी खाडीत गेली!

मोजणाऱ्या संस्था आपल्या जवळच आहेत. १९७० साली स्थापन झालेले महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्या-खाड्यांचे नमुने घेते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे प्रादेशिक केंद्र आणि १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, या दोन्ही अंधेरीच्या पश्चिमेला, वेसाव्याच्या परिसरात आहेत. पण नदीच्या मुखाशी घेतलेल्या नमुन्यात तबेला, गटार, कारखाना आणि शेत यांचे पाणी एकत्र झालेले असते. तेथील आकडा रोग सांगतो, रोगी सांगत नाही.

गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यात अजून थोडी शेती, वाड्या आणि विहिरी आहेत. कोळी बांधवांची उपजीविका याच खाडीवर आहे. मासळी कमी झाली की कोळी शेतकऱ्याकडे बोट दाखवतो, शेतकरी शहराकडे, आणि शहर कोणाकडेच पाहत नाही. हा वाद आवाजाने मिटणारा नाही. प्रत्येक ओहोळाच्या तोंडाशी, उरलेल्या प्रत्येक उघाडीशी आणि गावच्या विहिरींवर वर्षानुवर्षे ठेवलेली नोंदच तो मिटवू शकेल. आकडा कोणाच्याही बाजूचा नसतो. म्हणूनच तो दुबळ्याच्या उपयोगी पडतो.

हे काम केवळ सरकारचे आहे, असे आम्हांला वाटत नाही. आपल्या धर्मग्रामांतील शाळा-महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत, शिक्षक आहेत, उत्साही मुले आहेत. महिन्यातून एकदा ओहोटीच्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने नमुना घ्यावा आणि तारीख, वेळ, पाऊस व आकडा लिहून ठेवावा, एवढेच करावयाचे. रॉथमस्टेडची थोरवी यंत्रांत नाही. १८४३ पासून त्यांनी वही बंद केली नाही, यात आहे.

नोंद ठेवण्याचे मोल आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्या चर्चमधील स्नानसंस्काराच्या नोंदवह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. त्यांतील एकेक ओळ लिहिणाऱ्याला ती क्षुल्लकच वाटली असेल. पण शंभर वर्षांनी कोणी आपल्या गावठाणातील हक्क शाबीत करावयास येतो, तेव्हा तीच ओळ त्याच्या उपयोगी पडते. पाण्याची अशी एक वही या जून महिन्यात, पहिल्या पावसाआधी, आपल्यापैकी कोणत्या धर्मग्रामाने उघडावयाची, एवढेच आता ठरावयाचे आहे.